फाज आणि लूनर मॉड्यूल एका कागदावर

प्रिय तरुण चित्रकारास,
सप्रेम नमस्कार.

टी४ फाज, म्हणजे जीवाणूंना गाठणारा तो विषाणू, आणि अपोलोचं चंद्रावर उतरणारं लूनर मॉड्यूल शेजारी शेजारी काढायचं तू ठरवलं आहेस. जोडी फार देखणी आहे आणि तितकीच फसवी. वर कोनाकोनांचं डोकं, खाली बारीक पाय. बघणारा ‘अगदी तस्संच!’ म्हणतो आणि पुढे निघून जातो. त्याला थांबवायचं असेल तर बाह्यरेषा जुळवत बसू नकोस. कुठला भाग काय काम करतो, ते काढ.

आधी माप. यान सुमारे ७ मीटर उंच, फाज सुमारे २०० नॅनोमीटर लांब. दोन्ही २० सेंटिमीटर उंचीचे ठेवलेस तर यान ३५ पट लहान होतं आणि फाज १० लाख पट मोठा. ए३ कागद पुरणार नाही. यानाचे पसरलेले पाय ९.४ मीटर जागा घेतात, म्हणजे तुझ्या कागदावर जवळजवळ २७ सेंटिमीटर. ए२ घे.

मग पाय. यानाला ४, फाजाला ६. यानाची प्रतिमा डोक्यात पक्की बसलेली असते, म्हणून फाजालाही चारच तंतू काढले जातात, किंवा सहाही कागदावर एका ओळीत समान अंतरावर मांडले जातात आणि फाज फणीसारखा चपटा दिसतो. यावर उपाय असा: आधी वरून दिसणारं वर्तुळ काढ, त्यावर यानासाठी ९० अंशांवर आणि फाजासाठी ६० अंशांवर खुणा कर आणि तिथून खाली लंब सोड. फाजाचे समोरासमोरचे दोन तंतू कागदाच्या प्रतलात ठेवलेस आणि त्यांची टोकं मध्यापासून १० सेंटिमीटरवर आली, तर उरलेल्या चारांची टोकं बरोबर ५ सेंटिमीटरवर पडतात, दोन पुढची आणि दोन मागची. मागची फिकट ठेव.

आता काम. यानाच्या पायांत अ‍ॅल्युमिनियमची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. उतरताना ती चुरगळते आणि धक्का पचवते. फाजाचे तंतू धक्का पचवत नाहीत, ते चाचपतात. जीवाणूच्या पृष्ठभागावरचे ठराविक रेणू ओळखतात. मग शेपटीचं, म्हणजे डोक्याखालच्या नळकांड्याचं, आवरण आकसतं, आतली नळी जीवाणूचं बाह्य आवरण भेदते आणि डीएनए आत जातो. म्हणून फाजाच्या तंतूंना यानासारख्या थाळ्या लावू नकोस. ते बारीक, मध्ये कोपरासारखे वाकलेले असू देत.

खरं साम्य कशात आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. दोघांनाही हवा कापत जायचं नसतं. चंद्रावर हवा नाही, आणि फाजाला इंजिनच नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो भटकतो. निमुळतं, गुळगुळीत अंग दोघांनाही लागत नाही, म्हणून दोघंही असे बेढब आणि मोकळे. चित्रात एखादी वाहती, वेगवान वळणाची रेषा आली, तर ती खोडून टाक.

पुढे रेडिओलेरियाचे, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांचे, काचेसारख्या सिलिकाचे सांगाडे काढशील, तेव्हा एक चूक हमखास होते: गोल फक्त षटकोनांनी भरायचा प्रयत्न. तो कधीच मिटत नाही. षटकोन आणि पंचकोन एवढेच वापरून, दर कोपऱ्याला तीन कडा ठेवून गोल भरायचा असेल, तर पंचकोन बरोबर १२ लागतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाला ही अडचण नाही. त्याचे १८ षटकोन एका उथळ वाटीत बसतात, गोल बंद करायचाच नसतो. सूक्ष्मदर्शकात रेडिओलेरियाचा सांगाडा पारदर्शक दिसतो आणि पुढची-मागची जाळी एकमेकींत मिसळते. वर, मध्ये, तळाशी असा तीनदा फोकस कर, तीन वेगळ्या ट्रेसिंग कागदांवर काढ आणि मग एकावर एक ठेव.

रंगाबाबत प्रामाणिक राहा. यानाची सोनेरी चमक सोन्याची नाही. अंबर रंगाच्या पॉलिमाइड प्लास्टिकच्या पडद्यामागे अ‍ॅल्युमिनियमचा थर आहे, उष्णता आवरण्यासाठी. फाज तर दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान, त्याला डोळ्याला दिसेल असा रंगच नाही. तू देशील तो रंग तुझा, आणि तसं चित्राखाली लिही.

शेवटी मोजपट्टी. ‘१० लाख पट’ एवढंच लिहिलंस आणि चित्र छापताना लहान झालं, तर आकडा खोटा ठरतो. म्हणून फाजाखाली ५ सेंटिमीटरची रेघ ओढून ‘५० नॅनोमीटर’ लिही, यानाखाली २.९ सेंटिमीटरची ओढून ‘१ मीटर’. चित्राबरोबर रेघाही लहान-मोठ्या होतील.