शोषखड्डा तुमचा, विहीर शेजाऱ्यांची

प्रश्न : डिसेंबर २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) पाच गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला. लेआउट २२ प्लॉटांचा. माहितीपत्रकात ‘रस्ता, वीज, पाणी, ड्रेनेज तयार’ असे छापले होते. ड्रेनेज कुठेच नव्हते. विचारले तर विक्रेत्याच्या माणसाने व्हॉट्सॲपवर लिहिले, ‘मॅडम, जांभा आहे, कितीही सोडा, जिरतं.’ घर बांधले, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा केला. गेल्या जुलैत खड्डा भरून अंगणात वाहू लागला. उताराखालच्या शेजाऱ्यांची विहीर पावलांनी मोजली तर १४ मीटरवर आहे. पाण्याला वास येतो म्हणून त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. विक्रेता म्हणतो, जमीन तुम्ही बघून घेतलीत. त्याच्यावर दावा लावता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लावता येईल. पण विक्रेत्याविरुद्ध तुम्ही जे म्हणणार, नेमके तेच शेजाऱ्यांना तुमच्याविरुद्ध म्हणायचे आहे. ‘ही जमीन सांडपाणी जिरवायला नालायक आहे आणि घाण विहिरीकडे जाते’ असे तुमच्या सहीने एका नोटिशीत गेले, की तोच कागद दुसऱ्या प्रकरणात तुमची कबुली म्हणून पुढे येईल. म्हणून विक्रेत्याला नोटीस आणि शेजाऱ्यांना उत्तर, दोन्ही एकाच वकिलाकडून लिहून घ्या. आणि त्याआधी पाझर चाचणीचा खड्डा खणा.

‘जिरतं’ या शब्दातच सगळी गोम आहे. जांभ्याला भोके आणि भेगा असतात, त्यातून पाणी खाली जाते. पण खाली बऱ्याच ठिकाणी शेडीचा, म्हणजे चिकणमातीचा, थर लागतो. तिथे पाणी अडते, आडवे सरकते आणि उताराला झऱ्यातून बाहेर पडते. विहिरी त्याच पाण्यावर असतात. पावसाळ्यात जांभा आधीच भरलेला, मग तुमच्या खड्ड्यातले पाणी जाणार कुठे?

भारतीय मानक २४७०, भाग २ मध्ये यासाठी पाझर चाचणी दिली आहे. जिथे पाणी जिरवायचे त्या खोलीपर्यंत लहान खड्डा खणायचा, बाजू खरवडायच्या, तळाला ५ सेंमी खडी टाकायची आणि पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंमी पाणी ठेवून अर्ध्या तासात ते किती उतरले ते मोजायचे. त्यावरून २५ मिमी उतरायला किती मिनिटे लागतात ते काढायचे. ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये लांब चर काढावे लागतात, ६० च्या पुढे जमिनीत जिरवण्याचा नाद सोडायचा.

तुमच्या जागी मला भीती आहे ती आकडा फार चांगला येण्याची! एप्रिलात पाणी दोन मिनिटांत गडप होईल आणि विक्रेता तोच कागद नाचवेल. पण भेगाळ खडकात सांडपाणी जमिनीत जिरवू नये, कारण घाण त्या वाटांनी लांबवर जाते, हेही तेच मानक सांगते. म्हणून चाचणी दोनदा करा, एकदा आता आणि एकदा भर पावसात. सिव्हिल इंजिनिअर किंवा भूवैज्ञानिक असावा, दोन पंच असावेत. विक्रेता आणि शेजारी दोघांनाही पोचपावती मिळेल अशा टपालाने बोलवा. आले नाहीत तरी बोलावल्याचा पुरावा राहतो. पुढे दिवाणी दावा झालाच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर मागता येतो.

शेजाऱ्यांच्या बाबतीत तुमची बाजू लंगडी आहे. त्याच मानकात पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर अंतर सांगितले आहे. स्थानिक बांधकाम नियमातला आकडा वेगळा असू शकतो, परवानगीच्या अटी वाचा. आपल्या जमिनीत झिरपणारे पाणी इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मध्येच उदाहरण म्हणून दिला आहे. विहिरीत जाणूनबुजून घाण जाऊ देण्याला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम २४ मनाई करते, आणि नोटीस आल्यानंतर ‘माहीत नव्हते’ म्हणण्याची सोय उरत नाही. तेव्हा शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप आजच बंद करा आणि टाकी मैला उपसणाऱ्या टँकरने रिकामी करून घेत राहा. माणूस आत उतरवू नका. संरक्षक साधने आणि खबरदारीशिवाय तसे करणे २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे, ‘त्यानेच तयारी दाखवली’ हा बचाव चालत नाही.

उत्तरात ‘सर्व हक्क राखून’ एवढे लिहा : विहिरीचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत संयुक्तपणे तपासू, तोवर पिण्याच्या पाण्याचा खर्च मी देते. त्यांचा गोठा विहिरीजवळ असेल तर त्याची नोंद पंचनाम्यात करून ठेवा, पण आत्ताच बोट दाखवू नका. कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू) माणसाचे की गुराचे, हे साधी चाचणी सांगत नाही.

आता विक्रेता. ‘बघून घेतली’ हे हद्द, उतार, रस्ता यांना लागू पडते, दहा फूट खालच्या थराला नाही. तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ खाली, दोष त्याला माहीत होता हे तुम्हालाच सिद्ध करावे लागेल. लेआउटमधल्या आधीच्या घरांत चौकशी करा. कोणाचा खड्डा याआधी वाहिला असेल आणि त्याने विक्रेत्याला कळवले असेल, तर तो संदेश सोन्यासारखा आहे.

सोपा रस्ता रेराच्या (स्थावर मालमत्ता प्रकल्पांच्या कायद्याच्या) कलम १२ चा वाटतो : जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले, नुकसान झाले, भरपाई द्या. घर उभे आहे, म्हणून प्लॉट परत करण्याची मागणी करू नका. दुसरा दरवाजा ग्राहक आयोगाचा. सुविधांसह विकसित प्लॉट देणे ही सेवाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नार्ने कन्स्ट्रक्शन प्रकरणात म्हटले आहे. तिथे मुदत दोन वर्षांची; विक्रेता ती ताब्यापासून मोजेल, आपण जुलैपासून. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका. व्हॉट्सॲपचा तो संदेश ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र द्यावे लागेल.

चाचणी न करता खड्डा खणणारा ठेकेदारही यातून सुटत नाही. मात्र आधी मंजूर नकाशा काढा. टाकी आणि खड्डा नकाशात दाखवलेल्या जागीच आहेत का? तुमच्या सांगण्यावरून जागा बदलली असेल, तर ते मला आधी सांगा, विक्रेत्याच्या वकिलाने सांगण्याआधी. आणि विहिरीपर्यंतचे अंतर टेपने मोजा, टेप आडवी धरून. उतारावरून पावलांनी आलेले १४ मीटर १३ भरतील.