स्पार्स फाइल: दिसते तेवढी नसते

व्हर्च्युअल मशीनची (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाची) १०० जीबीची रॉ इमेज, म्हणजे त्याची अख्खी डिस्क साठवणारी फाइल, बघून घाबरू नकोस. ती बहुधा स्पार्स असते, म्हणजे तिच्यातल्या रिकाम्या भागांनी, भोकांनी, डिस्कवर जागा घेतलेली नसते. लिनक्सचा ‘एलएस -एल’ हा कमांड फाइलची लांबी सांगतो. डिस्कवर खरंच किती जागा अडकली आहे ते ‘डीयू -एच’ला विचार. माझ्याकडच्या एका इमेजला पहिला १०० जीबी म्हणतो, दुसरा जेमतेम ७. मधल्या भोकांना फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे जागेचे तुकडे, देतच नाही, वाचायला गेलास की शून्यं हातावर ठेवते.

घोळ होतो तो कॉपी करताना. लिनक्सवर कॉपीचा साधा कमांड ‘सीपी’ भोकं बहुधा सांभाळतो. पण फाइली दुसरीकडे नेणाऱ्या ‘आरसिंक’ला कॅपिटल एस (-S) हा पर्याय दिला नाहीस, तर पलीकडे सगळी शून्यं खरोखरच लिहिली जातात. फाइली एकत्र बांधणाऱ्या ‘टार’लाही तोच कॅपिटल एस. मी एकदा विसरलो आणि रात्रीत बॅकअपची डिस्क तुडुंब. सकाळी चहाआधी शिव्या खाल्ल्या. एफएटी या जुन्या फाइल सिस्टमच्या पेनड्राइव्हवर तर भोकांची सोयच नाही.

फुगलेली फाइल आवळायची असेल तर मशीन बंद करून ‘एफअ‍ॅलोकेट -डी’ चालव. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टमवर शून्यांचे ब्लॉक जागच्या जागी मोकळे होतात.

आणि हो, डेटाबेसच्या फाइलींसाठी हा मोह टाळ. भोक भरायच्या वेळी डिस्कच भरलेली असली तर लिहिणं मध्येच फसतं. तिथे जागा आधीच राखून ठेवलेली बरी.