ट्वी पॉप म्हणजे गाता न येणाऱ्यांचं गाणं आहे का? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की ट्वी पॉप (ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटनमधलं, साध्या कोवळ्या आवाजातलं गिटार पॉप), जँगल पॉप आणि ड्रीम पॉप यांत फरक काय आणि सुरुवात कुठून करावी. जाता जाता असंही लिहिलंय, की तुम्हाला निर्व्हाना हा अमेरिकन रॉक बँड आवडतो, पण ‘ही ट्वीवाली मंडळी पोरकट वाटतात, धड गाताही येत नाही’. फरकाचं नंतर बघू. मी लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यामुळे. आमच्या घरात हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय.

मी मिरजेची. शाळेचा रस्ता सतारमेकर गल्लीतून जायचा. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उत्सवाला रात्रभर बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी भाजी घेताना कोणाचा निषाद उतरला यावर वाद घालायची. घरात दादा गाणारा, आणि खरोखर चांगला गाणारा. माझा आवाज बारीक. तार षड्जाकडे निघाले की नुसती हवा सुटायची. मध्यमेच्या परीक्षेत मी नापास झाले तेव्हा क्लासच्या बाईंनी माझ्यासमोर आईला सांगितलं, ‘हिच्या गळ्यात तयारी होणार नाही.’ तेराव्या वर्षी माझं गाणं बंद झालं. न्हाणीघरातलंसुद्धा.

२००४ साली मी एम.एस्सी.साठी ब्रिस्टलला गेले. नदीच्या दक्षिणेला साउथव्हिलमध्ये एका बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. रोज जेल फेरी ब्रिज नावाच्या लोखंडी पादचारी पुलावरून पलीकडे जायचं, मग चढ चढून विद्यापीठ. एका रविवारी बाईंच्या बैठकीच्या खोलीत एक सीडी दिसली आणि तिच्यावर माझ्याच पुलाचं नाव. मी विचारल्यावर त्यांनी कपाटाखालून सात इंची तबकड्यांनी भरलेलं खोकं बाहेर ओढलं. सगळ्या सेरा रेकॉर्ड्सच्या.

क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ मध्ये त्याच शहरात ही कंपनी सुरू केली होती. कंपनी म्हणायचं एवढंच, राहत्या घरातून चालायची. गाण्यांच्या संग्रहांना ते ब्रिस्टल आणि आसपासच्या ठिकाणांची नावं द्यायचे. पन्नासाव्या क्रमांकावर तर त्यांनी तबकडीऐवजी पटावरचा खेळ काढला. तीच गाणी दोन-दोन स्वरूपांत काढून ऐकणाऱ्याच्या खिशात हात घालायचा, या धंद्याची त्यांना चीड होती. १९९५ मध्ये शंभरावा क्रमांक निघाला आणि त्यांनी ठरवून दुकान बंद केलं, संगीताच्या साप्ताहिकांत तशी जाहिरात देऊन. ज्यांना तुम्ही पोरकट म्हणताय ते हे लोक.

त्या दुपारी बाईंनी हेवन्ली या बँडचं ‘हार्ट्स अँड क्रॉसेस’ लावलं. १९९३ चं. चाल नाचरी, गाणाऱ्या मुलीचा आवाज बारीक, सरळ, कसलीही हरकत न घेणारा. मी मान डोलावत ऐकलं. बाई म्हणाल्या, परत ऐक. तिसऱ्या वेळी शब्द कानात शिरले आणि मी हातातला कप खाली ठेवला. आवडत्या मुलाबरोबर फिरायला गेलेल्या एका मुलीवर तोच मुलगा जबरदस्ती करतो, त्याचं ते गाणं आहे. मधे रडणं नाही, आक्रोश नाही. चाल नाचतच राहते.

हेच गाणं तयारीच्या गळ्याने गायलं असतं तर आपण गळ्याला दाद देऊन मोकळे झालो असतो. वा, काय दर्द आहे, असं म्हणून. इथे दाद द्यायला जागाच नाही. वसतिगृहात शेजारच्या कॉटवरची मैत्रीण रात्री दिवे मालवल्यावर सांगते तसा तो आवाज आहे. तो निवडलेला आवाज आहे. हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या रात्री पूल ओलांडताना मी कित्येक वर्षांनी मोठ्याने गायले.

२००५ च्या दिवाळीत घरी आले तेव्हा तीच गाणी सीडीवर घेऊन आले होते. फराळाला सगळे जमले होते. दीड मिनिटात दादाने बंद केलं. म्हणाला, ‘हिचा षड्जच लागत नाहीये. तुला नापास झाल्याचं समर्थन सापडलंय, दुसरं काही नाही.’ काका हसले, आत्या हसली. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, म्हणून तुम्हाला देते.

हे संगीत सरळ पंकमधून, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर, ओबडधोबड रॉकमधून आलेलं आहे. बझकॉक्स या पंक बँडने १९७७ च्या सुरुवातीला स्वतःच तबकडी काढली, त्यातून एक गोष्ट सगळ्यांना कळली: कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. पण पंकमधली मर्दानी गुरगुर पुढच्या पोरांना, विशेषतः पोरींना, नको होती. म्हणून त्यांनी परवानगी न मागणं ठेवलं आणि गुरगुर टाकली. केसांना क्लिपा, अंगात लहान मुलांसारखे टोपीवाले अनोरॅक जॅकेट, हे सगळं रॉकमधल्या पुरुषीपणाला दिलेलं उत्तर होतं. समीक्षकांना ते झोंबलं. ‘ट्वी’ ही त्यांनी हेटाळणीनेच वापरलेली संज्ञा. लहान मूल ‘स्वीट’ बोबडं बोलतं, त्यावरून आलेली.

ऑक्सफर्डच्या टलुला गॉश या बँडचं उदाहरण घ्या. अमेलिया फ्लेचर आणि एलिझाबेथ प्राइस या दोघींची ओळख झाली, कारण दोघींनीही पेस्टल्स या बँडचा बिल्ला लावला होता. १९८६ मध्ये बँड निघाला आणि त्यांच्या आवाजावरून, कपड्यांवरून टवाळी झाली. पुढे प्राइसना २०१२ चा टर्नर हा ब्रिटनमधला मानाचा कला पुरस्कार मिळाला. फ्लेचर अर्थशास्त्रात डॉक्टरेट करून ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या ब्रिटनच्या व्यापार-नियामक संस्थेच्या मुख्य अर्थतज्ज्ञ झाल्या. वर सांगितलेलं हेवन्लीचं गाणंही फ्लेचर यांचंच.

आणि तुमचं निर्व्हाना! त्यांचा गायक कर्ट कोबेनच्या हातावर अमेरिकेतल्या ऑलिंपिया शहरातल्या के रेकॉर्ड्स या कंपनीचं चिन्ह गोंदलेलं होतं. त्या कंपनीच्या कॅल्विन जॉन्सनचा बीट हॅपनिंग हा बँड ऐका, बहुतेक वेळा बास गिटारच नसायची. ग्लासगोच्या व्हॅसलीन्स या बँडची तीन गाणी निर्व्हानाने गायली, त्यातलं एक एमटीव्हीच्या अनप्लग्डमध्ये आहे, तुम्ही नक्की ऐकलं असणार. ऑलिंपियात १९९१ च्या ऑगस्टमध्ये के रेकॉर्ड्सने भरवलेल्या महोत्सवाची पहिली रात्र मुलींच्या बँडची होती, आणि रायट गर्ल या मुलींच्या स्त्रीवादी पंक चळवळीला तिथून बळ मिळालं. मूळ तेच, पण कोबेन ओरडला की ते खरं, आणि फ्लेचर हळू म्हणाल्या की ते बालिश? मला हे मान्य नाही. दादा माझ्या अंगावर नेहमी आशाबाईंचं नाव फेकतो. त्याच आशाबाईंवरचं कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं गाणं १९९८ मध्ये रीमिक्स होऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही तजिंदर सिंगच्या अगदी सपाट आवाजात. (कॉर्नरशॉप ट्वी नव्हे. मुद्दा आवाजाचा आहे.)

सुरुवात हेवन्लीपासून करा. मग सेराच्याच फील्ड माइस या बँडचं ‘एमाज हाउस’ आणि ‘सेन्सिटिव्ह’. अमेरिकेतलं हवं असेल तर टायगर ट्रॅपचा १९९३ चा अल्बम. बेल अँड सेबॅस्टियनचा ‘टायगरमिल्क’ तुम्हाला कोणीही सुचवेल. १९९६ मध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या अवघ्या हजार प्रती काढल्या होत्या. सुंदर आहे, पण तिथून सुरुवात केलीत तर हे संगीत आधीच गोड होतं असा समज होईल. एन.एम.ई. या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाची १९८६ ची ‘सी८६’ कॅसेट शेवटी ऐका. तिच्यातल्या बावीस बँडपैकी बरेच खडबडीत आहेत, ट्वी नाहीतच.

काही गोष्टी मान्य करायला हव्यात. सेराच्या बऱ्याच बँडना स्वतःला ट्वी म्हणवून घ्यायचं नव्हतं. फील्ड माइसचं १९९१ चं ‘मिसिंग द मून’ तर नाचाच्या ठेक्यावर चालतं. या प्रकारात खरोखर कंटाळवाणे बँडही आहेत, आणि अलीकडे युकुलेले घेऊन गोड गोड गाणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही. हे जग बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या मुलांचं होतं, हेही खरं. आणि रियाजाला मी कमी लेखत नाही. दादाचा मारवा ऐकताना आजही माझ्या डोळ्यांत पाणी येतं. माझं म्हणणं इतकंच, की त्याच्या मापाने हे मोजू नये. हे त्याने त्या दिवाळीत समजून घ्यायला हवं होतं. हेवन्लीचं ते गाणं त्याने शब्द समोर ठेवून अजून ऐकलेलं नाही. तुम्ही तरी ऐका.

जँगल पॉप म्हणजे मुख्यतः गिटारचा तो खणखणता, मोकळ्या तारांचा नाद, साठच्या दशकातल्या बर्ड्स या अमेरिकन बँडपासून चालत आलेला. ट्वीमध्ये तो बहुतेकदा असतो, पण नुसत्या नादाने ट्वी होत नाही. ड्रीम पॉपमध्ये आवाज घुमाऱ्यात बुडवून दूर ठेवतात. इथे तो अगदी जवळ, उघडा असतो. चुकला तर चुकलेला ऐकू येतो.