पैसे खरे, तरीही व्हिसा नाकारला: पतसंस्थेतली ठेव, काकांचे खाते आणि ब्रिटनचा नियम

प्रश्न: माझ्या मुलीला इंग्लंडमध्ये लीड्सला एक वर्षाच्या एमएससीसाठी प्रवेश मिळाला. फी २४,००० पौंड, त्यातले ६,००० भरले आहेत. माझी गावच्या पतसंस्थेत २२ लाखांची ठेव आहे आणि धाकट्या भावाच्या एकट्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत १४ लाख आहेत. ‘पुतणीचा खर्च मी करीन’ असे त्याने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून दिले. तरी ६ जुलैला नकाराचे पत्र आले. कन्सल्टंट म्हणतो, अपील करू. नाहीतर तो ओळखीच्या माणसाकडून ‘बॅलन्स दाखवून’ पुन्हा अर्ज टाकेल, आणि आधीचा नकार फॉर्ममध्ये लिहायची गरज नाही. भावाला प्रतिज्ञापत्राने मुलीचा पालक करता येईल का? कोर्स २१ सप्टेंबरला सुरू होतो.
– एक शेतकरी वडील, तासगाव तालुका

उत्तर: आपले पैसे कष्टाचे आहेत आणि रक्कमही पुरेशी आहे. तरीही मिळालेला नकार नियमाला धरून आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. कारण ते एकदा पटले की पुढची वाट सरळ आहे, आणि वेळ थोडा असला तरी हातातून गेलेला नाही.

ब्रिटनचे व्हिसा अधिकारी ‘पैसे आहेत का’ एवढेच पाहत नाहीत. पैसे कुणाच्या नावावर आहेत, कुठल्या संस्थेत आहेत आणि किती दिवस आहेत, हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे तपासतात. आपला अर्ज पहिल्या दोन्हींवर अडला.

पहिला मुद्दा भावाच्या खात्याचा. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या, कायदेशीर पालकाच्या किंवा पती-पत्नी अथवा जोडीदाराच्या खात्यात असले तरच ते धरतात. काका, मामा, आजोबा, सख्खा मोठा भाऊ, कुणीही चालत नाही. आपल्याकडे पुतणीचे शिक्षण काकाने करणे यात काहीच नवल नाही, पण त्या नियमात एकत्र कुटुंबाला जागा नाही. प्रतिज्ञापत्र कितीही चांगले लिहिले तरी त्याने खातेदार बदलत नाही. ‘कायदेशीर पालक’ म्हणजे न्यायालयाने नेमलेला पालक. आपली मुलगी पदवीधर, म्हणजे सज्ञान आहे. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालक नेमला जातो तो अज्ञानाचा. तेव्हा तो विचार सोडून द्या.

दुसरा मुद्दा पतसंस्थेचा, आणि आपल्या सांगली-कोल्हापूर-नगर पट्ट्यात सगळ्यात जास्त घरे इथेच अडकतात. वित्तीय संस्था ही त्या देशातल्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असली पाहिजे, तिच्या नोंदी संगणकीकृत हव्यात आणि तिच्याकडून पडताळणी करता आली पाहिजे, अशी अट आहे. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते आणि सहकार निबंधकाच्या अखत्यारीत येते. तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. नागरी सहकारी बँकेची गोष्ट वेगळी, तिला तो असतो. गावात दोन्हींना आपण ‘बँक’च म्हणतो, म्हणून ओळखण्याची सोपी खूण सांगतो: ठेवींवर ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचे (ठेव विमा महामंडळाचे) विमासंरक्षण असल्याचा फलक शाखेत आहे का ते पाहा. ते संरक्षण बँकांच्या ठेवींना असते, पतसंस्थेच्या नाही.

आता ‘अपील’. या प्रकारात अपील नसून अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू असतो. भारतातून केलेल्या अर्जासाठी निर्णय हाती आल्यापासून २८ दिवसांत तो ऑनलाइन मागायचा, फी ८० पौंड. ६ जुलैला पत्र मिळाले असेल तर ३ ऑगस्टपर्यंत. पण त्यात अधिकाऱ्याने समोर असलेल्या कागदांवरून नियम चुकीचा लावला का, एवढेच तपासतात. राहून गेलेला कागद नंतर जोडून तूट भरून काढता येत नाही. आपल्या प्रकरणात अधिकाऱ्याची चूक दिसत नाही. शिवाय निकालाला कित्येक महिने लागू शकतात, आणि दरम्यान नवा अर्ज केलात तर रिव्ह्यू आपोआप मागे घेतला गेला असे धरतात. दोन्ही होड्यांत पाय ठेवता येत नाहीत. माझे मत नव्या अर्जाच्या बाजूने आहे.

एक अपवाद मात्र आजच तपासा. नकारपत्रात कुठले परिच्छेद क्रमांक दिले आहेत ते नीट वाचा. फक्त आर्थिक अटीचा उल्लेख असेल तर वर सांगितले ते लागू. ‘एसटी ५.१’ असेल तर मुलीच्या शिक्षणाच्या हेतूबद्दलच शंका घेतली आहे, आणि त्याचे उत्तर वेगळे तयार करावे लागेल. खोटी माहिती वा खोटे कागद दिल्याचा उल्लेख दिसला तर तो आक्षेप वेगळा आणि गंभीर आहे. तो न खोडता पुन्हा अर्ज करणे घातक ठरेल. तसे असल्यास ३ ऑगस्टच्या आत ब्रिटनमधल्या इमिग्रेशन वकिलाला ते पत्र दाखवा.

नव्या अर्जासाठी हिशेब असा. लीड्स लंडनबाहेर आहे, म्हणून ११ नोव्हेंबर २०२५ पासून लागू दराने राहण्याचा खर्च महिना १,१७१ पौंड, जास्तीत जास्त ९ महिन्यांचा: १०,५३९ पौंड. उरलेली फी १८,०००. एकूण २८,५३९ पौंड. भरलेले ६,००० वजा व्हायचे तर ते ‘कॅस’वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशनिश्चितीवर, नोंदलेले हवेत किंवा विद्यापीठाची पावती जोडलेली हवी; कॅसवर आकडाच नाही, हा घोळ नेहमी होतो. पौंड १२० रुपये धरला तर ३४ लाख २४ हजार ६८० रुपये होतात. रूपांतर अर्जाच्या दिवशीच्या ओआंडा संकेतस्थळावरच्या दराने होते, बँकेच्या दराने नाही. पौंड एका रुपयाने चढला की गरज २८,५३९ रुपयांनी वाढते. ३६ लाख पूर्ण ठेवा, त्यात थोडीशी उसंत आहे.

हे पैसे आपल्या किंवा मुलीच्या नावावर, परवानाधारक बँकेत, शक्यतो एकाच खात्यात आणा. त्यासाठी नवे बचत खाते उघडलेले बरे. द्राक्षाचे, औषधांचे, ट्रॅक्टरच्या हप्त्याचे व्यवहार ज्या खात्यातून होतात ते वापरू नका. सलग २८ दिवसांत एका दिवसाच्या अखेरीसही शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, मग ती एखाद्या हप्त्याच्या स्वयंचलित वसुलीने का जाईना, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. बँकेतली मुदत ठेव चालते, पण ती मुदतीआधी मोडता येते आणि तिच्यावर कर्जाचा बोजा नाही, असे बँकेचे पत्र जोडा. शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ, सोने, सातबारा यांतले काहीही या अटीसाठी धरत नाहीत.

तारखा मोजून दाखवतो. १३ जुलैला पूर्ण रक्कम खात्यात आली, तर १३ हा पहिला दिवस आणि ९ ऑगस्ट हा अठ्ठाविसावा. उतारा ९ ऑगस्टच्या आधीचा घेतलात तर दिवस कमी पडतात. उताऱ्यातल्या शेवटच्या शिलकेची तारीख अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांपेक्षा जुनी नको, आणि अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरल्याचा दिवस. बोटांचे ठसे द्यायला गेलात तो नव्हे. मी सांगेन की ११ ऑगस्टला शिक्क्यासह उतारा घ्या, १२ ला अर्ज भरा. भारतातून साधारण तीन आठवडे धरतात. पुणे किंवा मुंबईच्या केंद्रावर ज्यादा फी भरून मिळणारी प्रायॉरिटी सेवा त्या वेळी उपलब्ध असेल तर घ्या. पाच कामकाजी दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तरीही विद्यापीठाला आजच विचारा की उशिरा हजर होण्याची शेवटची तारीख कोणती. ती सप्टेंबरअखेरच्या आत असेल आणि पतसंस्था पैसे द्यायला रेंगाळत असेल, तर जानेवारीच्या तुकडीत प्रवेश पुढे ढकलून मागणे जास्त शहाणपणाचे.

पतसंस्थेतून पैसे काढताना रोख घेऊ नका. २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेची ठेव रोखीने परत करायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रोख भरलेल्या २२ लाखांचा उगम मुलाखतीत मुलीला सांगता येणार नाही. आरटीजीएस किंवा अकाउंट पेयी चेक घ्या. ठेव पावतीची प्रत, ती मोडल्याचा दाखला आणि पतसंस्थेचा उतारा फाइलमध्ये राहू द्या. भावाचे १४ लाखही बँकेतूनच आपल्या खात्यात यावेत. सख्ख्या भावाकडून आलेली भेट आयकराला करमुक्त असते. साध्या कागदावर बक्षीसपत्र, दोघांच्या सह्या आणि पॅन क्रमांक पुरे.

आपल्या खात्यातले पैसे दाखवायचे म्हणजे आणखी दोन कागद लागतात, आणि तिथेच गाडी पुन्हा रुतते. एक, नाते सांगून पैसे वापरायला संमती देणारे आपले सहीचे पत्र. दोन, मुलीचा जन्मदाखला. तो आज बाहेर काढून वाचा. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, वडिलांचे नाव ‘बाळू’ असते आणि बँकेत ‘बाळासाहेब’. कोरे नाव जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ खाली भरतात, ते आता भरून मिळेल का ते विचारा; चूक कलम १५ खाली दुरुस्त होते. ग्रामसेवकाकडे या आठवड्यातच अर्ज द्या. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, आणि भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्क त्यावर हवा.

पैसे २८ दिवस अडकवणे जमत नसेल तर मुलीच्या नावे शैक्षणिक कर्जाचा विचार करा. मान्य कर्जाला २८ दिवसांची अट नाही. मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवे. खोच अशी की बँकांच्या पत्रात ‘गहाणखत झाल्यावर’, ‘सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीचा तपास) समाधानकारक आल्यास’, ‘मार्जिन (आपला स्वतःचा हिस्सा) भरल्यानंतर’ असली वाक्ये छापील असतात. व्हिसा मिळण्याखेरीज कुठलीही अट उरलेली दिसली की ते पत्र निकामी. परदेशी शिक्षणाला मार्जिन बहुधा १५ टक्के असते आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, घर किंवा बिगरशेती प्लॉट मागतात. आधी त्या अटी पुऱ्या करा, मग ‘सर्व पूर्तता झाली, रक्कम प्रवासापूर्वी उपलब्ध’ असे नवे पत्र घ्या.

जुना कॅस या अर्जात वापरून झाला. नवा मागावा लागेल. नकारपत्राची प्रत लपवू नका, विद्यापीठाला पाठवा. ते आपली नवी कागदपत्रे बारकाईने तपासतील, कारण परदेशी विद्यार्थी घेण्याच्या त्यांच्या परवान्यासाठी व्हिसा नकारांचे प्रमाण मोजले जाते आणि ती मर्यादा १० वरून ५ टक्क्यांवर आणण्याचे धोरण २०२५ मध्ये जाहीर झाले. क्षयरोग तपासणीचा दाखला सहा महिनेच चालतो, त्याची तारीख पाहा. आरोग्य अधिभार, एक वर्षाच्या एमएससीला साधारण १,१६४ पौंड, नकारानंतर परत मिळतो. अर्जाची फी मिळत नाही.

आता कन्सल्टंटच्या दुसऱ्या ‘मार्गा’बद्दल, आणि इथे मी आपल्याला हात जोडून सांगतो, तिकडे जाऊ नका. असे कागद बँकेशी पडताळले जातात. खोटा कागद अर्जदाराच्या नकळत जोडला गेला असला तरी अर्ज नाकारता येतो. फसवणुकीचा ठपका सिद्ध झाला तर दहा वर्षांची बंदी येते. बावीस वर्षांची मुलगी बत्तिसाव्या वर्षापर्यंत त्या देशात जाऊ शकत नाही. इथे भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८, ३३६ आणि ३४० आहेतच, आणि अर्जावर सही तिची असते, कन्सल्टंटची नाही. आधीचा नकार लपवणे हाही त्याच जातीचा प्रकार. नकार त्यांच्याच संगणकात आहे, आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी ब्रिटन अशी माहिती वाटून घेतो. फॉर्ममध्ये ‘होय’ लिहा, तारीख द्या, आणि दोन ओळीत कारण: ठेव अमान्य संस्थेत होती, काही रक्कम काकांच्या खात्यात होती, आता दोन्ही वडिलांच्या खात्यात आहेत. असा प्रामाणिकपणे सांगितलेला आर्थिक नकार पुढच्या अर्जाला मारक ठरत नाही.

कन्सल्टंटने फी घेऊन काकांचे खाते आणि पतसंस्था चालेल असे सांगितले असेल, तर ही सेवेतील त्रुटी आहे. पंजाबात अशा सल्लागारांसाठी २०१२ चा परवाना कायदा आहे, महाराष्ट्रात तसा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. दोन वर्षांत, आपण राहता त्या सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. भरलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. फीच्या पावत्या, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे संदेश आजच जपून ठेवा. ‘बॅलन्स दाखवू’ असे तो बोलला ते लेखी मिळाले तर उत्तमच. आणि व्हिसाच्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर तो आज रात्रीच बदलून घ्या, म्हणजे आपल्याला न विचारता मुलीच्या नावाने दुसरा अर्ज जाणार नाही.