वाचकांचे प्रश्न : ऊन, चुंबक आणि स्विस घड्याळाची अचूकता

(गेल्या महिन्याच्या अंकात स्वित्झर्लंडमधील घड्याळ-उद्योगावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. बॅटरीशिवाय चालणारे मनगटी घड्याळ दिवसाला चार-सहा सेकंदांच्या चुकीत कसे ठेवले जाते, हा त्याचा विषय होता. त्यावर सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहोत.)

प्रश्न : वडिलांनी १९६५ च्या सुमारास घेतलेले चावीचे स्विस घड्याळ मी आजही वापरतो. उन्हाळ्यात ते रोज दीड-दोन मिनिटे मागे पडते. दुरुस्तीवाल्यांना दाखवले, तर ते म्हणाले, “सोलापूरचं ऊन आहे सर, स्प्रिंग ढिली पडते.” नातवाचे सेलवर चालणारे स्वस्तातले घड्याळ मात्र महिनाभर मागे-पुढे होत नाही. मग स्विस अचूकतेचे एवढे कौतुक कशासाठी? – निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : दुरुस्तीवाल्यांचे निदान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घड्याळाला अगदी चपखल लागू पडले असते. घड्याळाचा वेग ठरवते ती बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे हेलकावे घेणारे चाक, आणि तिला जोडलेली केसाहून बारीक हेअरस्प्रिंग ही जोडी. आपल्या घड्याळात हे चाक बहुधा सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाकाठी ४,३२,००० हेलकावे घेत असेल. हल्लीच्या बहुतेक चांगल्या घड्याळांत सेकंदाला आठ घेते. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे खरे. परंतु घड्याळाला त्याहून अधिक नडते ते तापलेल्या स्प्रिंगचे मऊ पडणे. साध्या पोलादाची स्प्रिंग असेल, तर तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की घड्याळ दिवसाला सुमारे दहा सेकंदांनी मागे पडते. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत आपल्याकडे पंचवीस अंशांचे अंतर सहज पडते, तेव्हा या हिशेबाने फरक चार मिनिटांच्या वर गेला असता.

हा प्रश्न सोडवला तो शार्ल एदुआर गियोम या शास्त्रज्ञाने. त्याचा जन्म स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल परगण्यातील फ्लरिये या गावी, घड्याळे बनवणाऱ्या घरात झाला. नोकरी मात्र त्याने पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेत केली. तापमान बदलले तरी लांबी जवळजवळ न बदलणारा ‘इन्व्हार’ हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू त्याने १८९६ मध्ये शोधला आणि पुढे त्याच वाटेने जाऊन ज्याची लवचीकता उष्णतेत टिकून राहते असा ‘एलिन्व्हार’ तयार केला. या कामासाठी १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी ज्या आइन्स्टाइनच्या सिद्धांताची जगभर चर्चा झाली, त्याला डावलून निकेलच्या पोलादाला नोबेल मिळावे याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. परंतु अचूक मोजमाप करणाऱ्या माणसाला तसे वाटणार नाही. १९३० च्या दशकात राइनहार्ट स्ट्राउमान यांनी ‘निव्हारॉक्स’ हा याहून टिकाऊ मिश्रधातू आणला आणि त्यानंतर स्विस घड्याळांत अशाच स्प्रिंगा बसू लागल्या.

१९६५ च्या बऱ्या स्विस घड्याळात याच घराण्यातली स्प्रिंग असण्याची शक्यता फार मोठी आहे. आज क्रोनोमीटरच्या, म्हणजे घड्याळाच्या अचूकतेच्या, परीक्षेत एका अंशामागे दिवसाला जास्तीत जास्त ०.६ सेकंदाचा फरक चालवून घेतला जातो. आपले घड्याळ याच्या दुप्पट वाईट आहे असे मानले, तरी पंचवीस अंशांत तीस सेकंदच होतात. म्हणजे दीड-दोन मिनिटांचा हिशेब उन्हावर घालता येत नाही. आमचा संशय दोन गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे तेल. घड्याळातील माणकांच्या खाचांत टाचणीच्या टोकापेक्षाही लहान थेंब असतो. तो काही वर्षांत दाट होतो किंवा पसरून जातो, मग बॅलन्सचा हेलकावा आखूड पडतो आणि चाल बिघडते. दुसरी गोष्ट आपल्या सवयीची असू शकेल. उन्हाळ्यात घामामुळे आपण घड्याळ काढून टेबलावर ठेवत असाल. मनगटावर उभे-आडवे होत राहणारे घड्याळ आणि तासन्‌तास एकाच अंगावर पडून असलेले घड्याळ यांच्या चालीत फरक पडतो, आणि आतल्या चाकांच्या दांड्यांची टोके झिजली असतील तर तो बराच पडतो. तेव्हा घड्याळ पूर्ण उघडून, धुऊन, नव्याने तेल घालून घ्यावे. स्प्रिंग ‘आवळून’ घेऊ नये. तसे केल्यास मूळ दोष झाकला जाईल आणि थंडीत घड्याळ पुढे पळू लागेल.

आता नातवाच्या घड्याळाविषयी. त्यात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणून ती निवडली आहे. असे घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास चुकते, आणि कितीही महागडे यांत्रिक घड्याळ त्याची बरोबरी सहसा करू शकत नाही. मात्र त्यालाही ऊन अगदीच बाधत नाही असे नाही. त्याचा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत जलद चालतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मंदावतो. ४२ अंशांच्या खोलीत ते घड्याळ सतत पडून राहिले तर दिवसाला पाऊण-एक सेकंद गमावेल. मनगटावर राहिले तर एवढेही नाही.

गंमत अशी की, या शोधातही स्विस मागे नव्हते. न्यूशातेल येथील त्यांच्या संयुक्त संशोधन केंद्राने १९६७ मध्ये मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचे नमुने तयार करून तेथील वेधशाळेच्या स्पर्धेत वरचे क्रमांक पटकावले होते. परंतु डिसेंबर १९६९ मध्ये दुकानात पहिले घड्याळ आणले ते जपानच्या सेइको कंपनीने, आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस उद्योगातील बहुसंख्य नोकऱ्या गेल्या. ज्या सोलापूरने कापडगिरण्यांचे भोंगे बंद पडताना पाहिले, त्या गावाला याचा अर्थ निराळा सांगायला नको. १९८३ मध्ये केवळ ५१ सुट्या भागांचे ‘स्वॉच’ हे स्वस्त स्विस क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आले आणि त्या विक्रीने उद्योगाला पुन्हा उभे राहता आले. आज यांत्रिक घड्याळाला जी किंमत पडते, ती केवळ वेळ कळण्याची नव्हे. वीज आणि स्फटिक यांच्या मदतीशिवाय, निव्वळ धातूकडून एवढी शिस्त पाळून घेण्याची आहे. ती द्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

प्रश्न : माझे यंत्रमाग अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहेत. दिवाळीत घेतलेले ऑटोमॅटिक घड्याळ अचानक तासाला मिनिटभर पुढे जाऊ लागले. मागांच्या मोटारींमुळे असे होते का? – एक टॉवेल उत्पादक

उत्तर : घड्याळ एकाएकी आणि एवढे पुढे पळू लागले, तर आधी चुंबकाचा संशय घ्यावा. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांपासून जेमतेम सुटे असतात. त्यांत चुंबकत्व शिरले की ते चिकटतात, स्प्रिंगची लांबी कमी झाल्यासारखी होते आणि बॅलन्स घाईने हेलकावू लागतो. परंतु मोटारींवर ठपका ठेवण्याची घाई करू नये. चुंबकीय क्षेत्र अंतरानुसार झपाट्याने क्षीण होते, आणि मागाची मोटार आपण सहसा मनगटाने स्पर्शत नाही. त्याउलट मोबाइलच्या कव्हरची झडप, स्पीकर, पिशवीचे चुंबकी बटण या वस्तूंना घड्याळ दिवसातून अनेकदा चिकटते.

खात्री करून घेण्यासाठी साधे होकायंत्र पुरे. त्याच्या काचेजवळून घड्याळ हळूहळू फिरवावे. सुई जागा सोडून थरथरली, तर संशय खरा. पेठेतील बऱ्याच दुरुस्तीवाल्यांकडे चुंबकत्व काढण्याचे छोटे विजेचे यंत्र असते आणि ते काम काही सेकंदांत होते. त्यासाठी घड्याळ उघडण्याचीही गरज नसते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

तबकडीवर नुसते ‘अँटिमॅग्नेटिक’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ मर्यादित आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असे घड्याळ साधारण ६० गॉसचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) क्षेत्र सोसून दिवसाला तीस सेकंदांपेक्षा अधिक बिघडता कामा नये. फोनच्या कव्हरमधील लहानशा चुंबकाच्या पृष्ठभागाशी क्षेत्र याच्या कितीतरी पट असते. रोलेक्सने १९५६ मध्ये १,००० गॉस सोसणारे घड्याळ काढले, तेव्हा यंत्राभोवती मऊ लोखंडाचे कवच घातले होते. ओमेगाने २०१३ मध्ये दाखवलेल्या यंत्रात कवचच नव्हते. त्यांनी नाजूक भागच चुंबक न धरणाऱ्या पदार्थांचे केले, आणि ते यंत्र १५,००० गॉसमध्येही चालले. २०१५ पासून ‘मेटास’ ही स्वित्झर्लंडची सरकारी मापन संस्था अशा घड्याळांची याच क्षेत्रात परीक्षा घेते. चुंबकाला कवचाने अडवण्यापेक्षा त्याला धरण्यासारखे आत काही ठेवूच नये, हा विचार आम्हाला अधिक पटतो.

प्रश्न : घड्याळात सिलिकॉनचे भाग बसवतात म्हणजे नेमके काय करतात? आपल्याकडे कॅमशाफ्ट मायक्रॉनच्या हिशेबात घासले जातात. मग घड्याळाचे भाग सोलापुरात का होऊ नयेत? – यंत्र अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, तिसरे वर्ष

उत्तर : आधी सिलिकॉन. युलिस नार्दां या कंपनीने २००१ मध्ये ‘फ्रीक’ नावाच्या घड्याळात एस्केपमेंटची, म्हणजे चावीची ताकद बॅलन्सला थोडीथोडी पोचवणाऱ्या यंत्रणेची, चाके प्रथम सिलिकॉनची केली. त्याच काळात न्यूशातेलच्या सीएसईएम या संशोधन संस्थेने पाटेक फिलिप, रोलेक्स आणि स्वॉच समूह यांच्यासाठी सिलिकॉनची हेअरस्प्रिंग विकसित केली. हा भाग कातून किंवा ओढून बनत नाही. संगणकाच्या चिपसाठी वापरतात तशी सिलिकॉनची पातळ चकती घ्यायची, प्रकाशाच्या साहाय्याने तिच्यावर स्प्रिंगचा आकार उमटवायचा आणि प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, उरलेला भाग खोदून काढायचा. खोदताना एक फेरी तळ कोरण्याची आणि एक फेरी भिंतींवर संरक्षक थर बसवण्याची, अशी आलटून पालटून चालते. त्यामुळे भिंती सरळ उभ्या राहतात. एका चकतीतून शेकडो स्प्रिंगा निघतात आणि सगळ्या एकसारख्या असतात. धातूच्या स्प्रिंगचे शेवटचे वळण कुशल हाताने चिमट्यात धरून द्यावे लागे, ते येथे रेखाटनातच दिलेले असते.

यातील सर्वांत सुंदर भाग तापमानाचा आहे, आणि पहिल्या पत्रातील प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. निव्वळ सिलिकॉनही तापला की पोलादासारखाच मऊ पडतो. परंतु त्याचे ऑक्साइड उलट वागते. उष्णतेने त्याचा ताठपणा वाढतो. म्हणून स्प्रिंग भट्टीत घालून तिच्यावर नेमक्या जाडीचा ऑक्साइडचा थर चढवतात. थर पातळ राहिला तर घड्याळ उन्हात मागे पडेल, जाड झाला तर पुढे जाईल. बरोबर बसला, तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. गियोमला जे मिश्रधातूतील प्रमाण बदलून साधावे लागले, ते येथे थराच्या जाडीवर साधले जाते. शिवाय सिलिकॉनचे वजन पोलादाच्या एक तृतीयांशाहून कमी, त्याला चुंबक लागत नाही, आणि एस्केपमेंटच्या चाकांना तेलाची गरजही फारशी उरत नाही.

तोटा एकच, पण मोठा. सिलिकॉन वाकत नाही, तुटतो. धातूची वाकलेली स्प्रिंग डोळ्याला भिंग लावून बसलेला कारागीर सरळ करू शकतो. सिलिकॉनची तुटली तर नवी कंपनीकडूनच आणावी लागते, आणि कंपनी ती बाहेरच्या माणसाला देतेच असे नाही. पन्नास वर्षांनी या घड्याळांचे काय होईल, याची चिंता आम्हाला वाटते.

आता दुसरा भाग. मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा अडसर नाही. अडसर आकाराचा आहे. कॅमशाफ्ट हा इंजिनाचा दांडा हातात धरता येतो, बॅलन्सच्या दांडीचे टोक मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही बारीक असते. ते कातताना हत्याराच्या दाबाने माल वाकू नये, म्हणून १८७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये एक वेगळेच लेथ तयार झाले. त्यात सळई पकडणारा हेडस्टॉक पुढे सरकतो आणि हत्यार आधाराच्या बुशला लागूनच कापते, त्यामुळे सळईचा उघडा भाग नेहमी आखूड राहतो. घड्याळाच्या स्क्रूंसाठी निघालेले हे ‘स्विस टाइप’ लेथ आज हाडांत बसवायचे स्क्रू आणि इंधनाच्या इंजेक्टरचे भाग करते, आणि भारतातही चांगलेच रुळले आहे. तेव्हा सोलापुरात असे भाग होऊ शकतील. प्रश्न मागणीचा, आणि एवढ्या लहान वस्तू मोजणारी, हाताळणारी माणसे तयार करण्याचा आहे. आपण शिकत असतानाच स्लायडिंग हेडच्या, म्हणजे याच स्विस टाइप, यंत्रावर काम पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

प्रश्न : क्रोनोमीटर आणि क्रोनोग्राफ एकच का? ‘स्विस मेड’ म्हणजे सगळे तिकडचेच का? – एक वाचक, साखर पेठ

उत्तर : एकच नव्हेत. क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात स्टॉपवॉचची सोय आहे असे घड्याळ. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा उत्तीर्ण झालेले. ही परीक्षा १९७३ मध्ये स्थापन झालेली सीओएससी ही स्वित्झर्लंडमधील संस्था घेते. पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत प्रत्येक यंत्र तपासले जाते, आणि दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावी लागते. (आपला मे महिना या परीक्षेच्या वरच्या टोकाबाहेरच असतो.) ‘स्विस मेड’साठी १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधील असावा लागतो, यंत्र स्विस असावे लागते आणि जुळणी व अंतिम तपासणी तेथेच व्हावी लागते. उरलेला भाग कोठूनही येऊ शकतो.

प्रश्न : टूरबिलॉन असलेली घड्याळे लाखांच्या घरात का असतात? त्याने अचूकता वाढते का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : न्यूशातेलमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये दुकान थाटलेल्या अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळकाराने १८०१ मध्ये टूरबिलॉन या फिरत्या पिंजऱ्याचे पेटंट घेतले. त्या काळी घड्याळ खिशात दिवसभर एकाच उभ्या स्थितीत असे आणि गुरुत्वाकर्षणाची चूक एकाच दिशेने साचत जाई. म्हणून त्याने बॅलन्स आणि एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता ठेवला, म्हणजे चूक सर्व बाजूंना वाटली जाऊन मिटते. मनगट आपणहूनच दिवसभर फिरत असते, त्यामुळे मनगटी घड्याळात या युक्तीचा लाभ थोडा आहे. किंमत आहे ती तो पिंजरा जुळवणाऱ्या हातांची. केवळ अचूकता हवी असेल, तर त्या पैशाच्या अगदी लहान हिश्शात क्रोनोमीटर प्रमाणपत्र असलेले साधे तीन काट्यांचे घड्याळ घ्यावे आणि चार-पाच वर्षांतून एकदा त्याचे तेलपाणी करून घ्यावे.