वाचकांचे प्रश्न : राष्ट्रगीत

प्रश्न : ‘जन गण मन’ पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिले होते, असा मेसेज दर ऑगस्टमध्ये फिरतो. मुले विचारतात, तेव्हा काय सांगावे?
– एक शिक्षिका, अमरावती

उत्तर : आधी तारखा सांगा, मग पुढची कडवी वाचून दाखवा. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज ज्यासाठी आला, तो दिल्ली दरबार भरला १२ डिसेंबर १९११ला. गीत पहिल्यांदा गायले गेले २७ डिसेंबरला, कलकत्त्यात, काँग्रेस अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी राजाच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्याची स्तुती करणारे एक वेगळे हिंदी गाणेही म्हटले गेले. इंग्रजी वृत्तपत्रांच्या बातम्यांत दोन गाण्यांची सरमिसळ झाली आणि स्वागतगीत रवींद्रनाथांच्या नावावर चढले. अफवेचे मूळ हे.

खरा पुरावा मात्र गीतातच आहे. मूळ गीत पाच कडव्यांचे, आपण म्हणतो ते फक्त पहिले. तिसऱ्या कडव्यात भाग्यविधाता हा युगानुयुगे चालणाऱ्या यात्रिकांचा ‘चिरसारथि’ आहे. चौथ्यात तो दुःस्वप्नात, भयात मांडीवर घेऊन सांभाळणारी ‘स्नेहमयी माता’ होतो. इंग्लंडच्या राजाला हे शब्द कसे लागू पडतील? रवींद्रनाथांनी १९३७च्या एका पत्रात हा आरोप स्वतःच खोडून काढला आहे. जालियनवाला बागेनंतर ‘सर’ हा किताब परत करणारा हा माणूस. त्याच्यावर राजस्तुतीचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे आणि मुलांना ते ठामपणे सांगायला हवे.

सुभाषबाबूंच्या पुढाकाराने १९४२मध्ये हॅम्बुर्गला हेच गीत राष्ट्रगीत म्हणून वाजवले गेले, हेही सांगा. संविधान सभेने त्याला तो मान २४ जानेवारी १९५०ला दिला.

प्रश्न : आमच्या मैदानावर सगळे एकत्र सुरू करतात, पण शेवटी मागच्या रांगा मागे पडतात आणि ‘जय हे’ला आवाज फाटतात. काय करावे?
– एक मुख्याध्यापक, सांगली

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. आवाज फाटतो तो पट्टीमुळे. ‘राष्ट्रगीत शुरू कर’ अशी आज्ञा होते आणि सूर न देताच पुढची मुले आपल्या जोशात, उंच पट्टीत उचलतात. या चालीत ‘विधाता’ला खालचा नी लागतो आणि शेवटच्या ओळीतल्या पहिल्या ‘जय हे’ला वरचा सा. म्हणून पट्टी शेवटाकडून ठरवा. सराव करताना मुलांकडून आधी फक्त तो वरचा ‘जय हे’ म्हणवून घ्या. मान न ताणता आला तर पट्टी बरोबर, नाहीतर पेटीवर एक-दोन स्वर खाली या. कार्यक्रमाच्या दिवशी आज्ञेआधी पेटीवर सा ऐकवा.

मागे पडण्याचे कारण आवाजाचा वेग. शंभर मीटर जायला आवाजाला सुमारे ०.३ सेकंद लागतात. मागची रांग कर्ण्याचे ऐकून गाते, म्हणून तेवढी उशिरा गाते. मागे आणखी कर्णे लावले की पुढचा आणि मागचा आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर पडून घुमतो. त्यापेक्षा ताल धरणारा शिक्षक सर्वांना दिसेल अशा उंचीवर उभा करा आणि मुलांना कानापेक्षा त्याच्या हाताकडे बघून गायला शिकवा. तालमीत घड्याळ लावा : पूर्ण गीत सुमारे ५२ सेकंदांत बसले पाहिजे. मिनिटाच्या पुढे गेले तर चाल रेंगाळते आहे. शेवटी ‘जय हे’ तीनदा, मग चार ‘जय’ आणि ‘हे’. इथे निम्मे लोक एक ‘जय’ गाळतात, तेव्हा एवढी ओळ वेगळी घोटून घ्या.

ध्वज फडकला की लगेच गीत सुरू व्हावे, मध्ये निवेदन नको. बँड असेल तर आधी संथ संचलनाची सात पावले पडतील इतका वेळ ढोलाचा गजर देतात, त्यावरूनच लोक सावध होतात.

प्रश्न : एखादा उभा राहिला, पण गायला नाही, तर तो अपमान ठरतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. धर्मश्रद्धेमुळे न गाता आदराने उभ्या राहणाऱ्या केरळमधल्या तीन मुलांना शाळेने काढून टाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये त्यांना परत घ्यायला लावले. राष्ट्रीय प्रतीकांचा अपमान रोखणाऱ्या १९७१च्या कायद्याप्रमाणे गुन्हा ठरतो तो जाणूनबुजून गाणे अडवणे किंवा गाणाऱ्यांत गोंधळ घालणे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चित्रपटगृहात राष्ट्रगीत वाजवण्याची २०१६ची सक्तीही न्यायालयाने जानेवारी २०१८मध्ये ऐच्छिक केली. मात्र तिथे ते वाजवले, तर उभे राहायचे. शेजारचा गप्प असेल, तर त्याला हटकण्यासाठी आपले गाणे थांबवू नका.