ब्रँडच्या ई-मेलने मुदत थांबत नाही

निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात सात वर्षे मशीनवर बसलेल्या एका ताईंचे पत्र आले आहे. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दराने मागितले म्हणून एचआरच्या खोलीत बसवून त्यांच्याकडून राजीनाम्यावर सही घेतली. त्याला दीड वर्ष झाले. तेव्हापासून त्या जर्मन ब्रँडच्या तक्रार कक्षाला लिहीत आहेत आणि ‘चौकशी सुरू आहे’ असे उत्तर येत आहे. आता ब्रँडवर खटला भरता येईल का, असे त्या विचारतात. अशी पत्रे मला सतत येतात.

ताई, तुमच्यावर अन्याय झाला आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. माझा प्रश्न एकच आहे: या दीड वर्षात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एक कागद तरी दिलात का? पत्रात तसा उल्लेख नाही, आणि सगळे तिथेच अडते. ब्रँडशी कितीही पत्रव्यवहार केला, तरी मालकाविरुद्ध दाद मागण्याची मुदत त्याने थांबत नाही.

जबरदस्तीने घेतलेला राजीनामा म्हणजे बडतर्फीच, असा तुमचा दावा असेल. बडतर्फीच्या वादाला जुन्या कायद्यात तीन वर्षे मिळत. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे आणि तिच्यानुसार दोन वर्षे उलटल्यावर समेट अधिकारी, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, प्रकरण हातात घेऊ शकत नाही. तुम्हाला जुनी मुदत लागेल की नवी, यावर समोरचा वकील दोन तारखा सहज खाईल. तो वाद ओढवूनच घेऊ नका. दोन वर्षे हीच मुदत धरा आणि याच आठवड्यात अर्ज द्या. त्यासाठी वकील लागत नाही. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

अर्जात ‘मला काढले’ एवढेच लिहू नका. राजीनामा कोणत्या दिवशी, कोणाच्या समोर, काय धमकी देऊन घेतला, कागद आधीच टाइप केलेला होता का, हे सगळे लिहा. ‘दीड वर्ष गप्प का होतात?’ हा मालकाचा पहिला सवाल असेल. तिथे मात्र ब्रँडला पाठवलेले ई-मेल कामाला येतील. त्यांच्या तारखांसह प्रिंट काढा.

ओव्हरटाइमचा दावा वेगळा करा. वेतन संहितेत त्याला तीन वर्षे आहेत, आधीच्या कायद्यात एकच होते. जुने महिने कशात बसतील ते पगाराच्या स्लिपा पाहिल्यावरच सांगता येईल.

आता ब्रँड. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा 2023 पासून लागू झाला. त्याने मोठ्या कंपन्यांना तक्रारीची सोय ठेवायला लावली, पण या कायद्याचा भंग झाला म्हणून नुकसानभरपाईचा हक्क मिळत नाही, असेही त्यातच लिहिले आहे. तिथल्या कोर्टात गेलात, तरी सहसा नुकसान जिथे झाले त्या देशाचा कायदा लागतो, मुदतीसकट. कराचीतील अली एंटरप्रायजेस कारखान्याला 2012 मध्ये आग लागून अडीचशेहून अधिक माणसे मेली. तिथून कपडे घेणाऱ्या किक या जर्मन कंपनीवर 2015 मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या कोर्टात दावा झाला. 2019 मध्ये तो फेटाळला गेला, कारण पाकिस्तानच्या कायद्यानुसार मुदत संपली होती. कंपनी जबाबदार होती की नाही, हे कोर्टाने ठरवलेच नाही. माणसे गमावलेल्या घरांना चार वर्षांनी हे उत्तर मिळाले, याची मला आजही चीड येते.

ब्रँडकडची तक्रार चालू ठेवा. ऑर्डर देणाऱ्याचा दबाव आला की मालक कधीकधी तडजोडीला बसतो. खोक्यांवरच्या स्टिकरचे, स्टाइल नंबरचे फोटो फोनमध्ये असतील तर दुसरीकडे उतरवून ठेवा. पण आधी तो अर्ज, आणि शिक्का मारलेली प्रत मला पाठवा.